आमचं घुंगरू जर्मनीत अडकलंय : वाट बघायची की दुसरं पाठवायचं?

घुंगरूवाला

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये त्यावरून तीन आठवडे बोलाचाली चालू आहे. म्हटलं इथे विचारू.

आम्ही चार मित्र (दोघे गंगापूर रोडचे, एक सिडकोचा, एक पार ओझरहून येणारा) रविवारी जिओकॅशिंग करतो. माहीत नसलेल्यांसाठी: कोणीतरी कुठेतरी डबा (त्याला 'कॅश' म्हणतात) लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतो. बाकीचे मोबाइल घेऊन तो शोधतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तसा परत ठेवतात. बस, एवढंच.

या डब्यांमधून फिरणाऱ्या काही वस्तू असतात, ट्रॅकेबल. सैनिकांच्या गळ्यात असतो तसा धातूचा बिल्ला, त्यावर कोरलेला नंबर. बिल्ल्याला तुम्ही हवी ती वस्तू अडकवायची आणि डब्यात सोडायची. ज्याला मिळेल तो उचलतो, पुढच्या डब्यात टाकतो, साइटवर नोंद करतो. आपण घरी बसून नकाशावर रेघ वाढताना बघायची.

आम्ही भांडीबाजारातून एक पितळी घुंगरू घेऊन बिल्ल्याला अडकवलं. त्याला काम दिलं: पाच नद्या बघ आणि २०२७च्या सिंहस्थाआधी गोदेवर परत ये. नाशिकहून ते पुण्याला गेलं (मुठा, एक), तिथून बंगळुरू, मग कोणा आयटीवाल्याच्या बॅगेतून फ्रँकफर्ट (माइन, दोन), हायडेलबर्ग (नेकर, तीन), प्राग (व्लटावा, चार) आणि एप्रिल २०२४ मध्ये पासाऊ. तिथे डॅन्यूब. पाच! फक्त परत यायचं राहिलं.

आणि तेव्हापासून सामसूम. दीड वर्ष एकही नोंद नाही.

बिल्ला विकत घेताना त्याच नंबरचा दुसरा बिल्ला सोबत मिळतो, मालकाने ठेवायला. दोघे म्हणतात, तो लावून नवं घुंगरू सोडू. दोघे म्हणतात, वाट बघू. मी दुसऱ्या गटात. तुम्ही काय कराल?

मिसळ_एके_मिसळ

पहिला मी! बाकी वाचून येतो.

शंकासुर

म्हणजे तुम्ही चार घोडे रविवारी सकाळी घरातून निघून झुडपात डबा शोधता, सापडला की वहीत सही करून परत तिथेच ठेवता. हातात काहीच येत नाही. बरोबर समजलो ना?

घुंगरूवाला

@शंकासुर, अगदी बरोबर समजलात. गिर्यारोहकही शिखर घरी आणत नाहीत.

पंचवटी_एक्सप्रेस

आमच्या वडिलांना मी पहिल्यांदा सांगितलं, "बाबा, कॅश शोधायला जातोय." ते म्हणाले, "नाशिककराला कॅश शोधायची तर नाशिकरोडला प्रेसमध्ये चिकट, नोटा तिथेच छापतात." तेव्हापासून घरी आम्ही 'डबा' म्हणतो. पण मग आईला वाटतं जेवणाचा डबा. सुटका नाही.

निवृत्त_सर्व्हेअर

चांगला धागा. थोडी भर घालतो.

या खेळाला जन्मतारीख आहे. मे २०००पर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. ती चूक काढून टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ३ मे रोजी, ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने एक काळी बादली जंगलात ठेवली आणि तिचे अंक इंटरनेटवर टाकले. त्या बादलीत इतर सामानाबरोबर बीन्सचा एक डबा होता. तो डबाच पुढे सापडला आणि आता तोही ट्रॅकेबल आहे, मेळाव्यांना मिरवतो. म्हणजे घुंगरूवाल्यांनी धीर सोडू नये.

पण हे झालं उपग्रहाचं. मूळ कल्पना जुनीच. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर १८५४ साली एका वाटाड्याने क्रॅनमियर पूलपाशी बाटली ठेवली, येणाऱ्याने त्यात चिठ्ठी टाकायची. नकाशा, होकायंत्र आणि पाय, एवढ्यावर लोक तिथे जात. आम्ही नोकरीत असताना खुणेचा दगड शोधायला गावकऱ्याला विचारायचो. तो म्हणायचा, "मारुतीच्या मागं, बाभळीच्या खाली." बाभूळ तोडलेली असायची.

रानमांजर

काका, बाभूळ तोडलेली असायची 😂 आमच्या डब्याचं हेच झालं. हिंट होती "वाकडं झाड". गेलो तर रस्ता रुंदीकरण.

कांदेनवमी

मी निफाड तालुक्यातला. डबे आमच्याकडे कमीच, पण दुसरा एक किस्सा सांगतो, विषयाला धरूनच आहे.

२० अंश उत्तर अक्षवृत्त नाशिक शहरातून जातं, हे कितीजणांना माहीत आहे? आणि तिथून पूर्वेला साधारण २२ किलोमीटरवर ते ७४ अंश रेखावृत्ताला छेदतं. चांदोरी-सायखेड्याच्या पट्ट्यात. पूर्ण अंश गुणिले पूर्ण अंश. असे बिंदू शोधत फिरणारे लोक जगभर आहेत, तिथे डबा-बिबा काही नसतो, नुसते आकडे.

तर मी आणि माझा आतेभाऊ गेलो. मोबाइलवर शून्यं जुळवत बांधावरून चाललोय, दोन पावलं पुढे, एक पाऊल डावीकडे, परत मागे. शेतमालक बघत उभे. शेवटी आले आणि म्हणाले, "काय मोजून राहिले भाऊ? रस्ता चाललाय का इकडून?" जमीन जाणार म्हणून माणूस घाबरलेला हो! समजावायला अर्धा तास लागला. पृथ्वीवर काढलेल्या दोन रेघा तुमच्या रानात भेटतात म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, "मग त्या रेघांना सांगा, बांध कोरू नका."

चहा पाजला, निघताना पिशवीभर कांदे दिले. @शंकासुर, हातात काही येत नाही म्हणता ना? पाच किलो आले.

शंकासुर

@कांदेनवमी, कांदे मिळणार असतील तर माझी हरकत मागे.

आजीचा_बटवा

बांध कोरू नका, हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

मी चाळिशीनंतर या नादाला लागले, मैत्रिणींबरोबर. आमची पहिली मोहीम पूर्ण फसली, कारण आकडे. साइटवर अंश आणि मिनिटं असतात, मिनिटांना तीन दशांश. उदाहरणार्थ उत्तर २०° ००.५००'. मी मोबाइलच्या नकाशात सरळ २०.००५०० टाकलं. खरं म्हणजे मिनिटांना ६०ने भागायचं, उत्तर येतं २०.००८३३. फरक ३७० मीटर. तेवढं चालूनही गेलो असतो, पण रेखांशातही तोच घोळ: ७३° ४७.४००' चं मी केलं ७३.४७४००. पंचवटीतली जागा थेट त्र्यंबकच्या पलीकडे हरसूलच्या अंगाला जाऊन बसली! तेहेतीस किलोमीटर!! आणि आम्ही गाडी काढून निघालोही होतो. सातपूर मागे पडल्यावर एक मैत्रीण म्हणाली, "अगं, पंचवटी या दिशेला कधीपासून आली?"

मिसळ_एके_मिसळ

ताई, सातपूर ओलांडलंच होतं तर मिसळ खाऊनच आला असाल. त्या रस्त्याला मिसळ न खाता परत येणाऱ्यांचं मतदान कार्ड रद्द करायला हवं.

आजीचा_बटवा

खाल्ली. काळ्या रश्श्याची. डबा दुसऱ्या रविवारी सापडला.

गडवाट

मी ट्रेकर आहे आणि मला हा प्रकार पटत नाही. आम्ही दर महिन्याला किल्ल्यांवरून पोत्यांनी प्लास्टिक खाली आणतो, आणि तुम्ही मुद्दाम प्लास्टिकचे डबे नेऊन ठेवणार. लेण्यांत, बुरुजांच्या भेगांत हात घालणार, दगड हलवणार. उद्या पांडवलेण्यात कोणी डबा खुपसला तर?

घुंगरूवाला

@गडवाट, आक्षेप रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, तिथे डबा ठेवायचा प्रश्नच येत नाही. जमीन खणून पुरायला मनाई. कोणत्याही जागेला जागामालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी लागते. डबा ठेवला की लगेच साइटवर झळकत नाही, आधी एक स्वयंसेवक तपासणीस नियम बघतो. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर, खायची वस्तू आत ठेवायची नाही, आणि ज्याने ठेवला त्याने जवळपास राहून देखभाल करायची. फिरायला आलो आणि टाकून गेलो, असं चालत नाही.

कचऱ्याचं म्हणाल तर या खेळात 'डबा शोधा, कचरा उचला' असे वेगळे कार्यक्रमच भरतात. मागच्या हिवाळ्यात आम्ही सोमेश्वरला तीन पोती काढली. निम्मा कचरा वेफर्सची पाकिटं, उरलेल्यात एक अख्खी खुर्ची.

गडवाट

नियम कागदावर आहेत हो. पाळतं कोण? रामशेजच्या पायथ्याला मीच एक फुटका डबा उचलून आणलाय. आत ओली वही आणि गंजलेला बिल्ला.

रानमांजर

@गडवाट, थांबा थांबा. बिल्ला? त्यावर नंबर होता का? कुठे आहे तो आता?

गडवाट

घरी ड्रॉवरमध्ये असेल. का?

रानमांजर

दादा, तुम्ही कोणाचा तरी प्रवासी ड्रॉवरमध्ये डांबून ठेवलाय! तिकडे कोणीतरी घुंगरूवाल्यासारखाच नकाशा बघत बसलं असेल.

गडवाट

सापडला. बिल्ल्याला छोटं प्लास्टिकचं कासव आहे. फोटो टाकतोय.

*(फोटो संपादकांनी काढून टाकला आहे.)*

निवृत्त_सर्व्हेअर

नंबर दिसत होता म्हणून मीच संपादकांना कळवलं, राग मानू नका. बिल्ल्यावर कोरलेला नंबर हीच त्याची किल्ली असते. तो नेटवर आला की जगभरातले लोक वस्तू न बघता "बघितली" अशी नोंद करून मोकळे होतात. दुसरा एक सार्वजनिक नंबर असतो, टीबीने सुरू होणारा, तो बिनधास्त टाका.

गडवाट

बरं. साइटवर घालून बघितलं. कासव ऑस्ट्रियाचं आहे. मालकाने लिहिलंय, "हिमालय बघायचा आहे." हे रामशेजला कसं पोचलं देव जाणे.

पंचवटी_एक्सप्रेस

कासवच ते, पोचेल हळूहळू. खरगोश लावलं असतं तर वाटेत झोपलं असतं.

कांदेनवमी

@पंचवटी_एक्सप्रेस, मराठीत ससा म्हणतात त्याला.

तांबट_आळी

मला मूळ प्रश्नावर बोलायचंय. घुंगरू आमच्याच आळीच्या बाजूचं दिसतंय, म्हणून आपुलकी.

दुसरा बिल्ला लावू नका. कारण भावनिक नाही, व्यवहाराचं आहे. उद्या मूळ घुंगरू कोणाला सापडलं तर एकाच नंबरचे दोन प्रवासी होतील. नकाशावरची रेघ पासाऊहून नाशिक, नाशिकहून ऑस्ट्रिया, ऑस्ट्रियाहून मालेगाव अशा उड्या मारेल. ही रेघ तशीही खोटीच असते. दोन डब्यांमधलं सरळ हवाई अंतर मोजतात, रस्ता नाही. तरी तिच्यात एक सुसंगती असते. ती घालवू नका.

घुंगरूवाला

रेघ आत्ता नऊ हजार किलोमीटरच्या आसपास आहे. माझा मुलगा रोज विचारायचा, आता महिन्यातून एकदा विचारतो. तेच जास्त लागतं.

मठ्ठ_मुलगा

दीड वर्षाने सापडणारी वस्तू दीड वर्ष शोधली नव्हती म्हणून सापडते. सरळ हरवलं म्हणून जाहीर करा, नवा बिल्ला, नवा नंबर, नवं घुंगरू. माझ्या सहा ट्रॅकेबलपैकी चार गेले. एक मुंबईत पहिल्याच डब्यातून. लोक उचलतात, विसरतात, पोरं किचेन म्हणून लावतात. ट्रॅकेबल सोडणं म्हणजे नदीत दिवा सोडणं, पुढचं बघायचं नाही.

आजीचा_बटवा

@मठ्ठ_मुलगा, नाव बदला तुमचं. पण मी सहमत नाही. रामकुंडावर दिवा सोडला की मी तरी तो दिसेनासा होईपर्यंत बघते.

रानमांजर

सहातून चार गेले हे काहीच नाही. आमचा अख्खा डबाच गेला, तोही अंजनेरीला, माकडाने नेला. आम्ही वहीत नाव लिहितोय, साहेब झाडावरून उतरले, डबा उचलला, झाकण उघडलं (आम्हाला दोन मिनिटं लागली होती), आतलं रबरी खेळणं हुंगलं आणि डब्यासकट पसार. वही तेवढी आमच्या हातात उरली.

पंचवटी_एक्सप्रेस

मारुतीरायाच्या जन्मस्थानी जाऊन दुसरं काय होणार होतं? नशीब समजा, अख्खा डोंगर नाही उचलला.

निवृत्त_सर्व्हेअर

सर्वांत लांब गेलेल्यांची गोष्ट सांगून टाकतो. २०१३ साली एक ट्रॅकेबल अंतराळ स्थानकावर गेला. आणि पर्सिव्हिअरन्स ही गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरली, तिच्या एका उपकरणाच्या पाटीवर अंतराळवीरांच्या हेल्मेटच्या काचेचा तुकडा आहे आणि त्यावर ट्रॅकेबलचा नंबर कोरलाय. फोटोत तो वाचून नोंद करायची. उचलून दुसरीकडे ठेवायची सोय अर्थातच नाही.

मिसळ_एके_मिसळ

मंगळावरच्याचा ठावठिकाणा लागतो आणि पासाऊवाल्याचा नाही. वा रे विज्ञान.

दूरदेशी

वाचनमात्र होतो, पण आता राहवेना. मी मूळचा इंदिरानगरचा, म्युनिकला असतो. पासाऊ इथून ट्रेनने सव्वादोन-अडीच तासांवर.

घुंगरूवाले, तुम्ही एप्रिल २०२४ म्हणालात ना? जून २०२४च्या पहिल्या आठवड्यात पासाऊत डॅन्यूबला मोठा पूर आला होता. आणीबाणी जाहीर केली होती, जुन्या गावातल्या गल्ल्यांत पाणी. ते गाव तीन नद्यांच्या संगमावर आहे: डॅन्यूब, इन आणि इल्झ. डबा नदीकाठी होता का?

घुंगरूवाला

काठावरच! वर्णनात लिहिलंय, संगमाच्या टोकापासून पाच मिनिटं. हे डोक्यातच आलं नाही. इतके दिवस मी कोणीतरी ढापलं म्हणून चिडत होतो.

तांबट_आळी

तीन नद्यांचा संगम? मग ते त्यांचं रामकुंडच की. घुंगरू स्नानाला उतरलं आणि पाय निसटला.

दूरदेशी

@तांबट_आळी, अजून ऐका. तिथल्या नगरपालिकेच्या भिंतीवर प्रत्येक महापुराची रेघ आणि साल कोरलंय. २०१३ची रेघ बघायला मान वर करावी लागते, १२.८९ मीटर पाणी चढलं होतं, १५०१ नंतरचं सगळ्यात जास्त. मी पहिल्यांदा ती भिंत बघितली तेव्हा मनात एकच आलं: आपला गोदाकाठचा दुतोंड्या मारुती!

आजीचा_बटवा

अगदी! आमच्याकडे अजूनही पूर मीटरमध्ये कोणी सांगत नाही. "मारुतीच्या कमरेला लागलं", "छातीला आलं". ऑगस्ट २०१९ला मारुती पूर्ण बुडाला तेव्हा सासूबाई खिडकीतून उठल्याच नाहीत.

रानमांजर

२०१९ला गोदाकाठी ठेवलेला आमचा एक डबा गेलाच होता. पैठणपर्यंत पोचला असेल. तेव्हापासून नियम केला, मारुतीच्या डोक्यावरच्या पातळीलाच डबा ठेवायचा.

दूरदेशी

शनिवारी मोकळा आहे. जाऊन येतो. आकडे व्यनि (खाजगी निरोप) करा. आजीचा बटवा ताईंसारखे नका करू :)

*(आठ दिवसांनी)*

दूरदेशी

जाऊन आलो. जागी नवा डबा आहे, जुन्यापेक्षा बराच वर, पायऱ्यांच्या कठड्यामागे. वही नवी, पहिली नोंद ऑगस्ट २०२४ची. घुंगरू नाही. साइटवरून डब्याच्या मालकाला निरोप टाकला. सत्तरीचे गृहस्थ निघाले. म्हणाले, पुराची सूचना आली तेव्हा रात्री टॉर्च घेऊन जाऊन डबा काढून आणला, आतलं सगळं पिशवीत घालून तळघरात ठेवलं. मग तळघरातही पाणी शिरलं, आवराआवरीत पिशवी कुठे गेली आठवत नाही. शोधतो म्हणालेत.

मठ्ठ_मुलगा

रात्री पुरात टॉर्च घेऊन डबा काढायला गेले?? माझे शब्द मागे घेतो.

घुंगरूवाला

माझ्या मुलाला हे वाचून दाखवलं. त्याने विचारलं, आजोबांना चिखलात घसरायला नाही झालं ना. दूरदेशी, त्यांना आमचा नमस्कार कळवा.

दूरदेशी

कळवला. आणि आज त्यांचं उत्तर आलं, फोटोसकट (नंबरावर बोट ठेवून काढलाय, काका!). पिशवी मिळाली. आत दोन नाणी, एक रबरी बदक आणि तुमचा बिल्ला. बिल्ला आहे, साखळी आहे, साखळीची शेवटची कडी उघडलेली आहे. घुंगरू नाही.

तांबट_आळी

आता खरा पेच! प्रवासी कोण, बिल्ला की घुंगरू?

निवृत्त_सर्व्हेअर

नोंद नंबरावर होते. बिल्ला म्हणजेच प्रवासी. खुणेचा दगड बदलला तरी बिंदू तोच राहतो.

आजीचा_बटवा

काका, घरात विचारा. नऊ हजार किलोमीटर वाजत कोण गेलं? घुंगरू.

गडवाट

मला वाटतं नवं घुंगरू पाठवून त्याच बिल्ल्याला लावा. भांडीबाजारातलंच. मी जाताना दोन घेतो, एक कासवाला पण लावू, म्हणजे पुन्हा कोणाच्या ड्रॉवरमध्ये गेलं तर निदान वाजेल.

शंकासुर

गडवाट, तुम्ही तर विरोधक होतात ना?

गडवाट

अजूनही आहे. कासव पुढच्या महिन्यात दिल्लीच्या भाच्याबरोबर पाठवतोय. तो हिमाचलला जातो.

घुंगरूवाला

ठरलं. त्याच बिल्ल्याला नवं घुंगरू, आणि पासाऊच्या आजोबांनी सोडावं असं आमच्या मुलाचं म्हणणं आहे. पोस्टाने नको, हातानेच जायला हवं. डिसेंबरात नाशिकहून म्युनिकला कोणी जातंय का? वजन १२ ग्रॅम.

दूरदेशी

माझे आईवडील येतायत २० डिसेंबरला. पण १२ ग्रॅमचं आत्ताच सांगू नका. आईची बॅग २३ किलोला बरोबर बसलीये आणि त्यात चिवडाच चार किलो आहे.

मिसळ_एके_मिसळ

चिवडा कोणत्या दुकानाचा?